सांगाव्याचं पाणी

अकरा चाळीसला मशीन ट्रिप झालं आणि पॉवरहाऊस एकदम मुकं पडलं. एकसष्ट तास कानात घुमणारा आवाज असा अचानक थांबला की आपणच बहिरे झालो असं वाटतं. पॅनलवर लाल दिवे लागले. रविंद्र धडपडत उठला, मी आधीच उभी होते, आणि मुळगुंद साहेब चहाचा कप हातात धरून नुसते म्हणाले, "आजच?"

आमच्या तालुक्यात धरणं पाच. त्यातलं हे कोणतं, ते मी सांगणार नाही, कारण मुळगुंद साहेब अजून नोकरीत आहेत आणि माणूस म्हणून ते वाईट नव्हते. दोन हजार सातचा मार्च होता. धरण सरकारचं, पाणी सरकारचं, आणि पायथ्याचं पॉवरहाऊस मात्र मुंबईच्या एका कंपनीचं. तीस वर्षं धरणातून सुटणारं पाणी नुसतं आपटून फेस करत नदीला जात होतं. आता ते कंपनीच्या मशीनमधून फिरून जाणार होतं. आमच्या वाडीत रोज बारा तास भारनियमन आणि आमच्याच नदीची वीज तारेवरून नारायणगावच्या दिशेनं चाललेली. याला विकास म्हणतात, असं कोनशिलेच्या कार्यक्रमात सांगितलं होतं. म्हणतात तर म्हणू देत. त्याच विकासाचा पगार मीही घेत होते.

तर, बहात्तर तास मशीन सलग चालवून दाखवायचं होतं. चाललं तर कंपनी पास. आणि दुपारी एक वाजता, ज्यांनी या कंपनीत पैसा घातला होता ती पाच-सहा माणसं मुंबईहून येणार होती. त्यांच्यासाठी आळेफाट्याच्या हॉटेलातून जेवण सांगितलं होतं.

"आपला दोष नाही साहेब," रविंद्र फोन खाली ठेवत म्हणाला. "लाइन गेलीय, म्हणजे आपले तास मोडत नाहीत. सबस्टेशनवाले म्हणतात तासाभरात देतो." रविंद्र खोडदचा, मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या गावचा. बारीक आवाजात बोलायचा, साहेबांशी तर फारच बारीक.

लाइन गेली की मशीन पडतं, मशीन पडलं की त्याच्या झडपा मिटतात आणि नदीचं पाणी थांबतं. खरं म्हणजे अशा वेळी बाजूच्या पाइपातून, बायपासमधून, पाणी आपोआप सुटायला हवं. पण त्या बायपासच्या व्हॉल्व्हची मोटर अजून बसवलीच नव्हती. तळघरात हातानं फिरवायचं चाक होतं, एवढंच. मी म्हटलं, "साहेब, बायपास उघडू का?" ते म्हणाले, "राहू दे. तासाभराचा तर प्रश्न आहे." मी राहू दिलं. हे माझ्या हातून झालं, ते आधीच सांगून टाकते.

साडेबारा वाजले असतील. मी मागच्या खिडकीपाशी गेले. खाली नदीतले धोंडे उघडे पडले होते. ओल्या धोंड्यांवर बगळे उतरले होते. बगळे उतरले म्हणजे आमची वाडीही उतरणार.

हे का, ते सांगायला हवं. माझे वडील चांगदेव एकतीस वर्षं या धरणाचे गेट चौकीदार होते. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, पण त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं वाडीच्या विहिरीवर आमच्या घराला पोहरा टाकू देत नव्हते. आणि त्याच वाडीतले बागायतदार पुढं सकाळी आमच्या ओट्यापाशी येऊन विचारायचे, "चांगदेव, पाणी चालू हाये का बंद?" बाबा सांगतील ते खरं. आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, संपलं की बाबा गेट बंद करून सायकलवर येत, पारावर सांगत, "बंद केलं, उतरा." मग अख्खी वाडी नदीत. डोहात अडकलेले मरळ, धोंड्याखालचे खेकडे, वांब. त्या दिवशी घराघरात कालवणाचा वास. माझ्या आठवणीत दिवाळीपेक्षा तो दिवस मोठा.

बाबा निवृत्त झाले तरी विचारणं थांबलं नव्हतं. आता ते गेटवर नसत, म्हणून नदीतल्या एका काळ्या खडकाकडे बघून सांगत. खडकाची पाठ उघडी पडली की आवर्तन बंद. तीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं, कारण तीस वर्षांत पाणी एकाच कारणानं उतरत होतं. सबस्टेशनच्या तारेमुळं नदी आटते, ही गोष्ट त्या खडकाला कोण सांगणार? बाबांनाही मी कधी सांगितली नव्हती. घरी जाऊन पॉवरहाऊसचं काही बोलायचं नाही, असा माझा बाणा होता. डिप्लोमावालीचा ताठा, दुसरं काय.

तळघरात आणि कंट्रोल रूममध्ये मोबाइलला रेंज नव्हती. मी जिना चढून गच्चीवर गेले आणि घरच्या फोनवर लावलं. खूप वेळानं शेजारच्या प्रयागबाईंनी उचलला. त्यांचे गुडघे गेलेले, त्या आमच्या ओट्यावरच असत.

"कल्याणी व्हय? आई न्हाई गं घरात. नदीला गेली, भाकरी घेऊन."

"नदीला? कोण कोण गेलंय?"

"आता कोण न्हाई गेलं ते इचार! तुजा बाप म्हनला, पाळी बंद झाली, उतरा. सगळी गेली. बायका, पोरं, समदी. मीच तेवढी राह्यले या गुडघ्यांमुळं."

"प्रयागमावशी, कुणाला तरी पाठवा नदीवर. पाणी परत येणारंय. आत्ता!"

"कुणाला धाडू? वाडीत कुत्रं न्हाई बग. आनि मला तर ओटा उतरवत न्हाई."

मी घड्याळ बघितलं. बारा पन्नास. नदीनं वाडी तीन किलोमीटर, पण रस्ता डोंगराला वळसा घालून जाणारा, खडीचा, अकरा किलोमीटर. मोटारसायकलनं पाऊण तास.

खाली आले तर लाइन आली होती. रविंद्र ऑइल पंप तपासत होता आणि साहेब केस सारखे करत होते, कारण गाड्या गेटपाशी दिसल्या होत्या.

"साहेब, मशीन आत्ता लावायचं नाही. आमची वाडी नदीत आहे."

"कशाला?"

"मासे धरायला. पाणी उतरलं म्हणजे आवर्तन संपलं असं त्यांना वाटलं."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. तीन रात्री ते कंट्रोल रूममधल्या बाकावर झोपले होते. दाढी वाढली होती. "कल्याणी, पात्रात उतरायला मनाई आहे. दर दोनशे मीटरवर बोर्ड आहे. पंचायतीला पत्र आहे, पोलिसांची नोटीस आहे. आणि आपण सायरन देतो. सायरननंतर दहा मिनिटं थांबतो. याच्यापुढं मी काय करू?"

"सायरन देऊ नका," मी म्हटलं.

आता मात्र त्यांना मी वेडी वाटले. "सायरन देऊ नको?"

"एक वाजलाय साहेब. एक वाजता भोंगा वाजला की आमची माणसं जेवायला बसतात."

त्यांना हसूच आलं. पण ते हसण्यासारखं नव्हतं. पॉवरहाऊसचं बांधकाम दोन वर्षं चाललं. दोन वर्षं रोज एकला हाच भोंगा जेवणाच्या सुट्टीचा वाजायचा. शेतातल्या बायकांनी घड्याळ बघणं सोडून दिलं होतं. भोंगा झाला की खुरपं खाली, भाकरीचं फडकं सोडायचं. बांधकाम संपलं, आणि कंपनीनं तोच भोंगा धोक्याचा म्हणून ठेवला. त्याचा आवाज बदलावा, एवढंही कुणाला सुचलं नाही. दोन वर्षं जेवायला बोलावणारा आवाज, पत्र्याचा बोर्ड लावला म्हणून 'पळा' सांगायला लागतो होय? आईनं भाकरी नदीवर नेली होती. भोंगा वाजल्यावर चाळीस माणसं पात्रातल्या सावलीच्या धोंड्याला टेकून निवांत जेवायला बसणार होती.

"मला अर्धा तास द्या," मी म्हटलं. "फक्त अर्धा तास. मी बायपासनं थोडं पाणी सोडते. ते बघून ती वर येतील."

"वर माणसं आलीत! एकसष्ट तास झालेत. थांबलेलं मशीन दाखवू त्यांना?" आणि साहेबांनी भोंग्याचं बटण दाबलं.

तो लांबलचक आवाज दरीत घुमला. माझ्या डोळ्यांपुढं आई फडकं सोडताना दिसली. मला इतका राग आला की कानशिलं तापली. साहेबांचा, कंपनीचा, त्या बगळ्यांचा आणि सगळ्यात जास्त बाबांचा.

"रविंद्र, स्टार्टची तयारी कर," साहेब म्हणाले. "हिला बाजूला बसू दे."

रविंद्र माझ्याकडे न बघता पॅनलकडे गेला. तेव्हा मी तळघराच्या जिन्याकडे पळाले.

पॅनलमध्ये एक सोय होती: बायपास पूर्ण बंद असल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. दोन्हीकडून एकदम पाणी जाऊ नये म्हणून. मी चाकाला दोन्ही हात घातले. नव्या ग्रीसचं, घट्ट, माझ्या छातीएवढं चाक. पहिल्यांदा हललंच नाही. भिंतीला पाय लावून ओढलं तेव्हा कर्र करून एक आटा फिरला. मग दुसरा. पाइपात पाणी शीळ घालायला लागलं. दोन आट्यांवर मी थांबले. जास्त नको होतं. बाबा गेट उघडताना असंच करायचे. आधी दोन बोटं उचलायचे आणि बिडी ओढत अर्धा तास बसायचे. ते पातळ पाणी पालापाचोळा, शेणकुटं, फेस पुढं ढकलत हळूहळू खाली जायचं. वाडीत त्याला सांगावा म्हणत. सांगावा आला की धुणं उचलायचं, काठावरच्या पंपाच्या मोटारी वर ओढायच्या, पोरं बाहेर काढायची. मागून मोठं पाणी येतंय. कुठल्याच नियमात हे लिहिलेलं नव्हतं. बाबांनी आपल्या मनानं चालू केलं होतं आणि त्याबद्दल साहेबलोकांची बोलणीही त्यांना एकदा खावी लागली होती.

मी चाकाच्या दांड्याला ओढणी गुंडाळली, गाठ मारली आणि चाकाला पाठ लावून खाली बसले.

वरून रविंद्रचा आवाज आला, "साहेब, स्टार्ट घेत नाही. बायपास उघडा दाखवतोय."

मुळगुंद साहेब खाली आले. मागून बुटांचे आवाज, जिन्यात पाच-सहा परकी माणसं वाकून बघायला लागली. एकानं डोक्यावर नवी कोरी पिवळी टोपी घातली होती. त्यांनी काय बघितलं असेल? ग्रीसनं माखलेली एक बाई चाकाला पाठ लावून बसलीय आणि मॅनेजर तिच्यापुढं हात जोडतोय. हो, हात जोडले त्यांनी. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"कल्याणी, तुझी नोकरी जाईल. माझीही जाईल. ऊठ."

"अर्धा तास."

"कोण आहे नदीत? नाव सांग."

"माझी आई आहे. बाबा आहेत. आणि वाडी आहे."

"तू बघितलंस डोळ्यांनी?"

मी बघितलं नव्हतं. फोनवर ऐकलं होतं, गुडघे गेलेल्या एका म्हातारीकडून. मी गप्प बसले. तो गप्पपणा पुढं माझ्याविरुद्ध लिहिला गेला.

साहेबांनी ओढणीच्या गाठीला हात घातला आणि परत मागे घेतला. इतक्या लोकांदेखत बाईच्या अंगाशी झटणं त्यांना जमलं नाही. सिक्युरिटीतल्या बाईला बोलावलं, तर ती जेवायला गेली होती. भोंगा झाला होता ना! मी मनातल्या मनात पाणी मोजत होते. आता स्मशानाची वळणं. आता तुटका बंधारा. आता कुशाबाच्या मळ्याखालचा डोह. सांगावा हळू चालतो. तो पोचायला अर्धा तास पुरेल का, हे मला ठाऊक नव्हतं. पोचल्यावर त्याच्याकडे कुणी बघेल का, हेही नव्हतं.

पावणेदोनच्या सुमाराला जिन्यावरची माणसं बाजूला सारत रविंद्र खाली आला. त्याच्या हातात माझा मोबाइल होता. टेबलावरून उचलून तो कधी गच्चीवर जाऊन उभा राहिला होता, ते कुणालाच कळलं नव्हतं.

"तुझ्या आईचा फोन होता," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज बारीक नव्हता. "सगळी वर आलीत. तुझ्या बाबांनी मोजून घेतली. एक्केचाळीस."

मी गाठ सोडली, दोन आटे बंद केले. एक त्रेपन्नला मशीन लागलं. मुंबईची माणसं तोवर जेवायला बसली होती.

त्या संध्याकाळी घरी मी बाबांना नको नको ते बोलले. "धोंडा बघून नदी कळायचे दिवस गेले! एक्केचाळीस माणसं मारली असती तुम्ही!" बाबांनी पुढ्यातलं ताट सरकवलं आणि ओट्यावर जाऊन बसले. आई म्हणाली, "सांगावा त्यांनीच वळखला गं. समदी जेवत व्हती. हे एकटे उठून वरडले, 'माज्या हातचं पानी हाये ते, निगा!'" मी तरीही आत गेले आणि दार लावून घेतलं. माझी नोकरी गेल्यात जमा होती. राग काढायला बाबाच हाताशी होते.

आठ दिवसांनी चौकशी झाली, ग्रामपंचायतीच्या खोलीत. पुण्याहून एक अधिकारी आले होते, चष्मा पुसत बोलणारे, अगदी सभ्य. मुद्दा एकच होता. त्या दिवशी नदीत माणसं होती की नव्हती? होती, तर मी बरोबर. नव्हती, तर मी कंपनीचं मशीन अडवलं, पाहुण्यांपुढं तमाशा केला आणि बहात्तर तास पहिल्यापासून मोजायला लावले. बुडालेलं कुणीच नव्हतं. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा?

वाडीतली अकरा माणसं बोलावली होती. अकराही म्हणाली, "न्हाई."

"आमी कशाला उतरतोय साहेब?" कुशाबा म्हणाला. कुशाबा आमच्या वाडीतला मोठा बागायतदार, सगळ्यांच्या आधी नदीत उडी मारणारा. "बोर्ड हायेत की. नोटीस हाये. आमी त्या दिशी रानात व्हतो."

मला त्यांचा राग आला आणि आलाही नाही. उतरलो म्हटलं की गुन्हा दाखल होणार होता. शिवाय आणखी एक गोष्ट होती. उतरलो म्हटलं की पुढचा प्रश्न, कुणाच्या सांगण्यावरून? ते नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं. मीही माझ्या लेखी उत्तरात फक्त 'गावकरी गैरसमजातून उतरले' एवढंच लिहिलं होतं. बाबांचं नाव मला लिहवलं नाही. आणि त्यांना मी बजावलं होतं की चौकशीला येऊ नका.

अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे पात्रात कुणीही नव्हतं, असं दिसतं."

"व्हते," दारातून आवाज आला.

बाबा आले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, निवृत्तीच्या समारंभातला. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"आपण?"

"चांगदेव. एकतीस साल गेटवर व्हतो साहेब. एक वाईट शेरा न्हाई माज्या सर्विस-बुकात." त्यांनी एकदा कुशाबाकडे बघितलं. कुशाबा मान हलवत होता, नको, नको म्हणून. "एक्केचाळीस मानसं व्हती नदीत. मला इचारल्याबिगर कुनी उतरत न्हाई. मी म्हनलो बंद झालं, उतरा. पाळी बंद न्हवती झाली. मला कळलं न्हाई."

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण परत काढलं.

"म्हणजे चूक तुमची?"

"माजी. उतरवली मी. वर काढली हिनं. लिवा तसं."

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. बाबांनी खाली सही केली, पूर्ण नावाची, सावकाश, गेटच्या वहीत करायचे तशी. माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी मी त्यांना जे म्हणाले होते, ते आता सरकारी कागदावर त्यांच्याच सहीनं गेलं होतं.

बाहेर वाडी जमली होती. मघाची अकरा आणि बाकीची. बाबा पायरी उतरले तसं सगळ्यांनी तोंडं फिरवली. अकरा माणसं खोटी पडली होती आणि आता नोटीस घरोघरी येणार होती.

"झाकलं व्हतं ना आमी," कुशाबा दातओठ खात म्हणाला. "तुजंबी झाकलं व्हतं. आता कोन इचारंल रं तुला पान्याचं?"

बाबा वाकून चपला घालत होते. आंगठ्याचा पट्टा त्यांना सापडत नव्हता. मी पुढं झाले, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या आधारानं सरळ उभे राहिले.

"हिला इचारा," ते म्हणाले.